घर विकत घेताना : तपासणीचा अहवाल आणि त्यातली न बोललेली वाक्ये

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली. त्यांच्यानंतर ओल, भेगा आणि गंजलेल्या सळया यांवर बोलायला उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु कार्यवाहांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाला कारणही आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील किती तरी कुटुंबांनी पुण्याचा फ्लॅट किंवा गावाकडच्या वाड्यातला हिस्सा विकून इथे बंगळूरमध्ये चार-पाच बिऱ्हाडांची लहानशी इमारत घेतली, किंवा घेण्याचे मनात आणले. हेतू सरळ असतो. आपण एका मजल्यावर राहावे, बाकीच्यांचे भाडे यावे, आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये. मी स्थापत्य अभियंता म्हणून सारा जन्म याच शहरात काढला, म्हणून ही मंडळी व्यवहार ठरवण्यापूर्वी माझ्याकडे येतात. येताना हातात तपासणीचा अहवाल असतो, आणि प्रश्न एकच असतो : "घ्यावे की नाही, तेवढे सांगा."

तेवढे सांगता येत नाही. का येत नाही, हे एका प्रकरणाच्या आधाराने सांगतो. संबंधितांची परवानगी घेतली आहे; नावे अर्थातच सांगणार नाही.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना एकच मुलगी. ती आता चाळिशीला आली आहे, आणि जन्मापासूनच तिला कोणाच्या आधारावाचून राहता येत नाही. आपल्या पश्चात तिच्या पोटाची आणि तिच्याजवळ राहणाऱ्या बाईच्या पगाराची सोय व्हावी, एवढ्यासाठी त्यांनी भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कोथरूडच्या फ्लॅटचे पैसे एकत्र केले होते. इमारत पाहिली ती तीस बाय चाळीस फुटांच्या, म्हणजे १२०० चौरस फुटांच्या भूखंडावरची. तळमजल्यावर दोन बिऱ्हाडे, पहिल्या मजल्यावर दोन, आणि गच्चीवर मागाहून चढवलेल्या दोन खोल्यांत पाचवे. मागणी २ कोटी ३० लाखांची. भाड्याची बेरीज विकणाऱ्याने लिहून दिली होती : चार बिऱ्हाडांचे प्रत्येकी १६ हजार, वरच्या खोल्यांचे ९ हजार, एकूण महिना ७३ हजार.

त्यांनी शहाणपणा केला आणि एका तपासनीसाकडून इमारत तपासून घेतली. अहवाल बावीस पानांचा, रंगीत छायाचित्रांसह, आणि त्यात एकूण एकेचाळीस दोष नोंदलेले. तो वाचून वहिनींनी दोन रात्री झोप घेतली नाही. भिंतीवर ओलीचे डाग, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या भेगा, बाथरूमच्या खालच्या छताचे पोपडे, दाराच्या चौकटीला लागलेली वाळवी, एकामागून एक चित्रे! विकणाऱ्याने तो अहवाल पाहून ताबडतोब ५ लाख कमी केले. तेव्हा त्या दोघांची भीती एकदम ओसरली आणि सौदा साधल्याचा आनंद झाला. मला वाटते, नेमक्या याच क्षणी बहुतेक लोक फसतात. एकेचाळीस दोषांची एक रक्कम ठरली की दोष मिटले, असे मनाला वाटते.

मी त्यांच्याबरोबर त्या इमारतीत गेलो तो अहवाल हातात घेऊन, आणि नोंदी क्रमाने न वाचता.

आधी भेगांविषयी. वरच्या मजल्यावर, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे एक आडवी भेग सबंध खोलीभर फिरलेली होती. छायाचित्रात ती फार भयंकर दिसते. वस्तुतः गच्चीचा स्लॅब उन्हाने तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो, आणि भिंत त्याच्याबरोबर हलत नाही; म्हणून ही भेग पडते. आपल्या देशात अशी भेग नसलेली जुनी गच्ची विरळाच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली केसासारखी भेगही पुष्कळदा गिलाव्यापुरतीच असते. पण तीच तिरकी भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत असेल, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल, तर पाया एका बाजूने खचल्याची शंका घ्यावी. इंदूर-बडोद्याकडून आलेल्या सभासदांना काळ्या जमिनीचा हा खेळ ठाऊक असेल. इथली तांबडी माती तुलनेने गुणी. मात्र या शहरातले कित्येक तलाव बुजवून त्यांवर वस्ती झाली आहे. मुख्य बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभे आहे आणि कंठीरव क्रीडागार संपंगी तलावाच्या. तेव्हा घराखाली पूर्वी काय होते, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे. २०२२ च्या सप्टेंबरात ज्या वसाहतींत होड्या चालवाव्या लागल्या, त्या वसाहतींच्या घरांचे अहवालही उन्हाळ्यात निर्मळच आले असते.

भेग जिवंत आहे की मेलेली, हा खरा प्रश्न. त्यासाठी काचेची एक पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टरने घट्ट बसवतात आणि तारीख लिहून ठेवतात. भेग हलली की काच तडकते. चार आण्यांची ही युक्ती आहे. परंतु तिला दोन-तीन महिन्यांचा वेळ द्यावा लागतो, आणि सौद्याच्या घाईत तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नसते.

आता गंज. ज्याला आपण पोपडे म्हणतो ते दोन प्रकारचे असतात. चुन्याचे अथवा रंगाचे पोपडे नखाने निघतात. त्यांची काळजी नको. पण काँक्रीटचाच थर फुगून, सळईच्या रेषेत लांबलचक फाटून खाली आला असेल तर तो रोग आतला आहे. ताजे काँक्रीट अल्कधर्मी असते, आणि तोवर सळई सुरक्षित असते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, तो गुण नाहीसा करतो. मग ओल मिळाली की लोखंड गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट. त्याला आत जागा नसते, म्हणून तो बाहेरच्या थराला ढकलून देतो. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले तर निरोगी भाग गुलाबी होतो, निकामी झालेला भाग रंगहीन राहतो. किती खोलवर रंग येत नाही ते पाहावे. ती खोली सळईपर्यंत पोचली असेल तर वरून गिलावा लिंपणे म्हणजे गळवावर पावडर लावण्यासारखे आहे. त्या अहवालात हातोडीच्या उसळीवरून काढलेले आकडे मोठ्या दिमाखाने दिले होते. त्या उपकरणाला पृष्ठभागाचा कठीणपणा तेवढा कळतो, आणि जुने काँक्रीट वरून कठीणच झालेले असते. आकडे चांगले आले म्हणून हुरळून जाऊ नये.

पोपडे होते ते तळमजल्याच्या बाथरूमच्या छताला. अहवालाने दोष तळमजल्याच्या खाती मांडला होता. कारण मात्र वरच्या मजल्यावर होते. त्या काळच्या बांधणीत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेऊन, त्यात विटांचे तुकडे भरून, नळ्या त्या भरावातून नेत. नळीचा एखादा सांधा सुटला की पाणी त्या खड्ड्यात साचून राहते आणि खालच्या छताला सदासर्वकाळ भिजवते. ते दुरुस्त करायचे तर वरच्या बिऱ्हाडाची फरशी उखडायला हवी. त्या बिऱ्हाडात आहे एकच न्हाणीघर आणि एकच संडास. पंधरा-वीस दिवस ते कुटुंब जाणार कुठे? स्वतःच्या घराची दुरुस्ती आणि भाड्याच्या घराची दुरुस्ती यांत हा फरक आहे, आणि तो कोणत्याही अहवालात लिहिलेला नसतो. खर्चाच्या अंदाजात प्लंबर, मिस्त्री आणि फरशी एवढेच धरतात. बुडालेले भाडे, त्या कुटुंबाची तात्पुरती सोय, आणि कदाचित ते कंटाळून निघून गेले तर रिकामे राहिलेले घर, हे कोणी धरत नाही.

विजेविषयी थोडक्यातच सांगतो. चार घरांत चार गीझर, प्रत्येकी २ हजार वॅटचे, आणि सकाळी सात वाजता चारही चालू. एका गीझरला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात. तारा जुन्या, अर्थिंग एका घरात आहे आणि तीन घरांत नाही, गळती-विद्युत तोडणारे बटन कुठेच नाही. ही दुरुस्ती महाग नाही, पण तिला "पुढे पाहू" म्हणता येत नाही; कारण इथे चुकीची किंमत कोणाच्या तरी मुलाने ओल्या हाताने द्यायची असते.

एव्हाना एकेचाळीसपैकी छत्तीस-सदतीस नोंदींचा निकाल माझ्या मनात लागला होता. त्या पैशाने मिटणाऱ्या होत्या. मग मी तेहेतिसावी नोंद त्या गृहस्थांना वाचून दाखवली. छायाचित्र नाही, लाल अक्षरे नाहीत. एवढेच लिहिले होते की गच्चीवरील वाढीव खोल्यांच्या भिंतीखाली तुळई आढळली नाही, पुढील तपासणी इष्ट.

"पुढील तपासणी इष्ट" हे अहवालातले सर्वांत सौम्य आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य. तपासनीस त्यात आपली जबाबदारी संपवतो आणि आपली सुरू करतो. त्या वाक्याचा अर्थ आकड्यांत सांगतो. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून स्लॅब आखतात. गच्चीवर त्याहूनही कमी. नऊ इंची विटांची दहा फूट उंच भिंत एका मीटर लांबीला सव्वा टनाहून अधिक भरते. आणि या खोल्यांच्या डोक्यावर पाण्याची दोन हजार लिटरची टाकी होती, म्हणजे आणखी २ टन, दीड चौरस मीटरच्या आत. माणशी दिवसाला १३५ लिटर हा हिशेब धरला तर पाच बिऱ्हाडांना एवढी टाकी लागणारच. टाकी ठेवणाऱ्याचा दोष नाही. पण मूळ गच्ची आखणाऱ्याने या भिंती आणि ही टाकी कधी स्वप्नातही पाहिली नव्हती. मंजूर नकाशा मागवला, तर त्यात तळमजला आणि पहिला मजला एवढेच. भोगवटा दाखला नव्हताच.

कागदांचा दोष आणि बांधकामाचा दोष वेगळे, असे लोक मानतात. इथे ते एकच होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांनी कर्ज देताना आणि वीज-पाणी देणाऱ्यांनी जोडणी देताना बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला पाहावा, असे बजावले आहे. नवीन इमारतीचे दोष बांधणाऱ्याकडून पाच वर्षे दुरुस्त करून घेण्याची रेरा कायद्यातली तरतूदही अशा ठिकाणी हाताशी येत नाही. आठांहून अधिक सदनिका नसलेले लहान बांधकाम त्या नोंदणीतून वगळलेले आहे. उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्याच्या ५५ व्या कलमानुसार विकणाऱ्याने त्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न कळणारा मोठा दोष उघड करायला हवा. आता गंमत पाहा : अहवालात ती ओळ आली, म्हणजे दोष आपल्याला कळला! न वाचलेला अहवाल असा आपल्याच अंगावर उलटतो.

अहवालात आणखी एक पान होते, ते कोणी उघडलेच नव्हते. पाहता न आलेल्या जागांची यादी. पहिल्या मजल्यावरचे एक बिऱ्हाड कुलूपबंद होते. ते आम्ही दुसऱ्या खेपेला, रविवारी, भाडेकरू घरी असताना पाहिले. छताला मधोमध, वरच्या भिंतीच्या बरोबर खाली, एक सरळ भेग होती. घरच्या बाईंनी सांगितले की दोन वर्षांपूर्वी मालकाने ती बुजवून रंग दिला, आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा दिसू लागली. तपासनीसाच्या साऱ्या उपकरणांपेक्षा हे एक वाक्य मोलाचे होते. भाडेकरूंशी बोलल्याशिवाय भाड्याचे घर कधी घेऊ नये. मात्र मालकासमोर विचारू नये; बिचारी माणसे गप्प बसतात.

त्याच बाईंकडून दुसरीही गोष्ट कळली. त्या भाडे देतच नव्हत्या. इथल्या रूढीप्रमाणे त्यांनी एकरकमी १० लाख देऊन घर 'लीज'वर घेतले होते. म्हणजे यादीतले १६ हजार केवळ कागदावर, आणि ते १० लाख फेडायचे नव्या मालकाने. घर विकले तरी भाडेकरूचा हक्क घराबरोबर जातो. बाकीच्या चौघांची दहा-दहा महिन्यांची अनामत ५ लाख ७० हजार. एकूण १५ लाख ७० हजारांचे देणे किमतीत कुठेच धरलेले नव्हते.

आता एकत्र मांडा. कागदावरचे उत्पन्न वर्षाला ८ लाख ७६ हजार. लीजचे घर वजा जाता ६ लाख ८४ हजार. गच्चीवरच्या खोल्या पाडाव्या लागल्या तर ५ लाख ७६ हजार, म्हणजे २ कोटी ३० लाखांवर अडीच टक्के. आयकरात भाड्याच्या उत्पन्नावर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च त्याच्या तिप्पट का होईना. ५ लाखांच्या सुटीचा आनंद किती पोकळ होता, हे त्या दोघांना मी सांगण्याची गरज उरली नाही.

आम्ही विकणाऱ्याला लेखी विचारले : त्या भिंतीखाली दोन ठिकाणी गिलावा काढू द्या आणि स्लॅबचा एक गाभा कापून प्रयोगशाळेत पाठवू द्या; खर्च आमचा. त्याने नकार दिला. पंचवीस वर्षे इमारत उभी आहे, एकाही भाडेकरूची तक्रार नाही, असे त्याचे म्हणणे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी विल्सन गार्डनजवळच्या लक्कसंद्रमध्ये मेट्रोच्या कामगारांना भाड्याने दिलेली एक जुनी इमारत पत्त्यांसारखी बसली. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. तीही आदल्या दिवसापर्यंत उभीच होती. नकार हाच आमच्या दृष्टीने अहवालातला बेचाळिसावा दोष ठरला, आणि ते गृहस्थ मागे फिरले. इसाराचे २ लाख दिले होते, त्यांपैकी १ लाख परत आले. इसारपावतीत "तपासणी समाधानकारक झाल्यास" एवढे तीन शब्द असते तर दुसराही लाख वाचला असता. ही चूक माझी. पावतीचा मसुदा मी पाहिला होता, आणि मी फक्त आकडे वाचले होते.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. मागे फिरण्याची मोकळीक घेणाऱ्याला असते. पहिल्या मजल्यावरच्या त्या बाई, त्यांचे दोन मुलगे आणि छताची ती भेग जिथल्या तिथे राहिली. मी त्यांना स्पष्ट सांगितले की त्या खोलीत मुलांना झोपवू नका, आणि वरच्या टाकीविषयी मालकाकडे लेखी तक्रार करा. त्या कलबुर्गीकडच्या. कन्नडमध्ये त्यांनी मला विचारले, "तुम्ही घर घेणार नाही, ते ठीक. माझे दहा लाख तो परत देईल का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी मालकाला आणि महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले, पोचही ठेवली. तसे करावे की नाही यावर आमच्या घरातच दोन मते होती; लोकांच्या व्यवहारात नाक खुपसू नये, असे एका पक्षाचे म्हणणे. चार महिन्यांनी वरच्या खोल्या रिकाम्या झालेल्या दिसल्या आणि टाकी खाली जिन्याच्या भिंतीवर आली होती. पत्रामुळे की आणखी कशामुळे, ते मला कळलेले नाही. भिंती अजून आहेत. इमारतीला आता नवा रंग आहे, आणि बहुधा नवा मालकही.

त्या कुटुंबाने वर्षभराने दुसरी इमारत घेतली, तीन बिऱ्हाडांची. तिच्या अहवालात त्रेपन्न दोष होते. चौकटी वाळवीने खाल्लेल्या, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये नारळाची मुळे, गच्ची गळकी, सगळी वायरिंग बदलण्याजोगी. पण खांबावर खांब, नकाशाप्रमाणे मजले, आणि विकणाऱ्याने "कुठेही फोडून पाहा" म्हणून सांगितलेले. खरेदीखताआधी एक भेग तेवढी संशयास्पद वाटली, तिच्यावर आम्ही काचेची पट्टी बसवली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जाऊ दिला. मुलगी आता तळमजल्यावरच्या खोलीत राहते. पट्टी तिच्याच खिडकीशेजारी आहे, तारखेसकट. वहिनी दर रविवारी ती पुसतात.

वेळ बराच झाला आहे आणि चहा निवत असेल. ज्यांनी आपले अहवाल बरोबर आणले आहेत, त्यांनी मागच्या खोलीत थांबावे. मात्र येताना "पाहता न आलेल्या जागा" हे पान आधी उघडून ठेवावे.